शरीरातील पहारेकऱ्यांचा शोध घेणारा शास्त्रज्ञ : इल्या मेचनिकॉव्ह

पायात काटा रुतला आणि तो तसाच राहून गेला, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या जागी लाली येते, सूज चढते, ठणका लागतो आणि पुढे पू धरतो. हा अनुभव मानवजातीइतकाच जुना आहे. मात्र सूज म्हणजे निव्वळ विकार नव्हे, तर शरीराने विकाराविरुद्ध मांडलेली झुंज आहे. आणि पू म्हणजे बव्हंशी त्या झुंजीत कामी आलेल्या पेशींचा ढीग आहे, हे समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. ते ज्यांनी प्रथम ओळखले ते वैद्यक शिकलेले नव्हते. समुद्रातील क्षुद्र जीवांचा अभ्यास करणारे ते एक प्राणिशास्त्रज्ञ होते. शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेविषयी आज जे ज्ञान उपलब्ध आहे, त्याच्या पायाभरणीत इल्या इल्यीच मेचनिकॉव्ह यांचा वाटा फार मोठा आहे.

मेचनिकॉव्ह यांचा जन्म १८४५ च्या मे महिन्यात तत्कालीन रशियन साम्राज्यातील खारकॉव्हजवळच्या, म्हणजे आजच्या युक्रेनमधील, एका खेड्यात झाला. वडील झारच्या रक्षकदलातील अधिकारी होते. पत्त्यांच्या नादापायी संपत्तीचा बराच भाग गमावून ते गावाकडच्या जमीनदारीवर येऊन राहिले होते. आईचे घराणे मूळचे ज्यू आणि विद्याव्यासंगी. पाच भावंडांत धाकटे असलेले इल्या विलक्षण चंचल आणि तितकेच हळवे होते. थोरल्या भावाला शिकवायला येणाऱ्या तरुण शिक्षकामुळे त्यांना झाडापानांचा आणि किड्यामुंग्यांचा छंद जडला. खारकॉव्ह विद्यापीठातील चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत, १८६४ मध्ये पूर्ण केला. पुढे जर्मनी आणि इटलीत राहून त्यांनी सागरी प्राण्यांच्या गर्भवाढीवर संशोधन केले. या कामासाठी अलेक्झांडर कोवालेव्स्की यांच्याबरोबर त्यांना १८६७ मध्ये रशियातील प्रतिष्ठेचे बेअर पारितोषिक विभागून मिळाले, तेव्हा त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते.

याच काळात जर्मनीतील गीसेन येथे त्यांनी एका चपट्या कृमीच्या शरीरात एक गमतीची गोष्ट पाहिली होती. या कृमीच्या पेशी अन्नाचे कण स्वतःच्या पोटात घेऊन तिथेच ते पचवत होत्या. अमीबा हा एकपेशीय जीव असेच खातो, हे माहीत होते. पण अनेकपेशीय प्राण्यातही ही जुनी खोड टिकून असावी, हे नवे होते. त्या वेळी या निरीक्षणाचा रोगराईशी काही संबंध असेल, असे कोणालाही वाटले नाही. खुद्द मेचनिकॉव्ह यांनाही नाही.

शास्त्रातील वाटचाल वेगाने सुरू असताना संसारात मात्र दैव प्रतिकूल होते. १८६९ मध्ये ल्युडमिला फेदोरोविच यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वधूला क्षयाने आधीच ग्रासले होते. अशक्तपणामुळे तिला चर्चमध्ये खुर्चीत बसवून न्यावे लागले. पुढची चार वर्षे पत्नीच्या औषधोपचारासाठी पैसा जमवणे, त्यासाठी व्याख्याने आणि भाषांतरे करणे, उबदार हवेच्या गावी तिला नेणे यातच गेली. कशाचाही उपयोग झाला नाही. एप्रिल १८७३ मध्ये अटलांटिक महासागरातील मदेरा बेटावर ल्युडमिला यांचे निधन झाले. क्षय कशाने होतो, हेसुद्धा त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हते. प्रकृती ढासळलेली, डोळे अधू झालेले आणि मन खचलेले अशा अवस्थेत मेचनिकॉव्ह यांनी जीवन संपवण्याचा प्रयत्न केला. त्यातून ते वाचले. त्यानंतर जिनिव्हात ऱ्होन नदीच्या पुलावर असताना दिव्याभोवती घोंघावणारे कीटक त्यांच्या नजरेस पडले. इतके अल्प आयुष्य लाभलेल्या या जीवांना नैसर्गिक निवडीचा नियम कसा लागू होत असेल, या विचारात ते गुंतले आणि अभ्यासाची ओढ पुन्हा जागी झाली.

ओडेसा येथील विद्यापीठात प्राध्यापक असताना १८७५ मध्ये त्यांनी ओल्गा बेलोकोपितोवा यांच्याशी दुसरा विवाह केला. शेजारी राहणाऱ्या कुटुंबातील या तरुणीला ते प्राणिशास्त्र शिकवत असत. ओल्गा यांनी पुढे चित्रकला आणि शिल्पकला जोपासली, प्रयोगशाळेत पतीला साथ दिली आणि त्यांच्या पश्चात त्यांचे चरित्रही लिहिले. परंतु १८८० मध्ये ओल्गा यांना विषमज्वराने गाठले आणि मेचनिकॉव्ह पुन्हा एकदा हबकून गेले. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि विद्यापीठांवरील सरकारी दडपण वाढले. या उद्विग्नतेत त्यांनी उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. हा रोग रक्तातून पसरतो का, याचे उत्तर मिळावे आणि मरण आले तर ते निदान शास्त्राच्या उपयोगी पडावे, असा त्यामागे दुहेरी हेतू होता. ते अत्यवस्थ झाले, पण बचावले. विद्यापीठातील राजकारणाला कंटाळून १८८२ मध्ये त्यांनी प्राध्यापकपद सोडले. सासू-सासऱ्यांच्या निधनानंतर ओल्गा यांच्या धाकट्या भावंडांची जबाबदारी या दांपत्यावर आली होती. त्यांना घेऊन ते सिसिली बेटावरील मेसिना येथे गेले.

मेसिनातील घराच्या बैठकीतच त्यांनी आपली प्रयोगशाळा थाटली. त्या वर्षाच्या अखेरीस एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहायला गेली होती आणि मेचनिकॉव्ह सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाचे डिंभ न्याहाळत होते. हे डिंभ पाण्यासारखे पारदर्शक असतात. त्यांच्या शरीरातील हालचाल बाहेरून स्पष्ट दिसते. आत इकडून तिकडे सरकणाऱ्या पेशी पाहताना त्यांच्या मनात विचार आला, की अन्नकण गिळणाऱ्या या पेशी बाहेरून घुसलेल्या शत्रूलाही गिळत असतील काय? तसे असेल, तर डिंभात टोचलेल्या कुसळाभोवती त्या जमा व्हायला हव्यात. कारण तारामाशाला ना रक्तवाहिन्या असतात, ना मज्जासंस्थेचा मोठा पसारा. जे घडेल ते केवळ पेशींच्या स्वभावामुळे घडेल.

त्यांनी बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि ते डिंभांच्या नाजूक त्वचेखाली खुपसले. रात्रभर त्यांना झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहिले तो प्रत्येक काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला होता. माणसाच्या बोटात गेलेल्या काट्याभोवती जे घडते, त्याचेच हे सर्वांत साधे रूप होते.

या प्रयोगाचे मोल समजण्यासाठी त्या काळची समजूत ध्यानात घ्यावी लागते. रक्तातील पांढऱ्या पेशींच्या आत जंतू असल्याचे अनेक डॉक्टरांनी पाहिले होते. मात्र जंतू या पेशींत आसरा घेतात आणि त्यांच्यावर स्वार होऊन शरीरभर पसरतात, असाच बहुतेकांचा ग्रह होता. मेचनिकॉव्ह यांनी तेच दृश्य उलट्या बाजूने वाचले. पेशींना जंतूंनी पकडलेले नव्हते. पेशींनी जंतूंना पकडले होते. योगायोगाने जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रूडॉल्फ फिरखो १८८३ मध्ये मेसिनात आले होते. त्यांनी ही निरीक्षणे पाहून प्रोत्साहन दिले आणि प्रचलित मत अगदी उलट असल्याने जपून पावले टाकण्याचा सल्लाही दिला. व्हिएन्नाचे प्राणिशास्त्रज्ञ कार्ल क्लाउस यांनी अशा पेशींसाठी ग्रीक भाषेवरून फॅगोसाइट, म्हणजे भक्षकपेशी, हे नाव सुचवले. पाठोपाठ पाणपिसू या चिमुकल्या जीवावरील अभ्यास १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका बुरशीचे सुईसारखे बीजाणू पाणपिसूच्या आतड्याला भोक पाडून शरीरात शिरतात. भक्षकपेशींनी त्यांना वेळेत गिळले, तर पाणपिसू जगते. बीजाणू वरचढ ठरले, तर मरते. एका थेंबभर पाण्यात रोग आणि प्रतिकार यांचा संपूर्ण सामना मेचनिकॉव्ह यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

लुई पाश्चर यांची रेबीजवरील लस गाजू लागल्यावर १८८६ मध्ये ओडेसात रशियातील पहिले जंतुशास्त्रीय केंद्र उघडले आणि मेचनिकॉव्ह त्याचे प्रमुख झाले. पण ते डॉक्टर नव्हते आणि स्थानिक वैद्यकवर्गाला हे खुपत होते. त्यातच मेंढ्यांना टोचलेल्या सांसर्गिक काळपुळीच्या लसीनंतर हजारो मेंढ्या दगावल्या. टीकेला ऊत आला. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्याकडे त्यांचे थंडे स्वागत झाले. पाश्चर यांनी मात्र पॅरिसमध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या आपल्या संस्थेत त्यांना आनंदाने प्रयोगशाळा दिली. १८८८ मध्ये ते तिथे गेले आणि उरलेली २८ वर्षे तिथेच राहिले.

पॅरिसमधील पहिली दोन दशके लढाईची होती. १८९० मध्ये बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी दाखवून दिले, की घटसर्प आणि धनुर्वात यांच्या विषाला निकामी करणारे द्रव्य प्राण्यांच्या रक्तरसात तयार होते. पेशी वगळून नुसता रक्तरस टोचला, तरी दुसऱ्या प्राण्याचे रक्षण होते. जर्मन शास्त्रज्ञांच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. प्रतिकारशक्ती रक्तरसात होती, भक्षकपेशी केवळ मेलेले जंतू झाडून नेणाऱ्या होत्या. १८९४ मध्ये रिचर्ड फायफर यांनी लसवंत गिनीपिगच्या उदरपोकळीत पटकीचे जंतू पेशींच्या मदतीशिवाय विरघळताना दाखवले, तेव्हा मेचनिकॉव्ह यांचा सिद्धांत कोसळणार असे दिसू लागले. फ्रान्स आणि जर्मनी यांच्यातील १८७० च्या युद्धाची कटुता या वादात मिसळली होती. विरोधकाचा प्रत्येक निबंध मेचनिकॉव्ह जिव्हारी लागल्यासारखा वाचत आणि लगेच उलट प्रयोगाला लागत. गंमत अशी, की रक्तरसातील जंतुनाशक द्रव्यांचे कोडे उलगडण्यात मोठा वाटा उचलणारे जूल बॉर्दे त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करत होते.

मेचनिकॉव्ह यांच्या शिष्यपरंपरेचा एक धागा थेट मुंबईपर्यंत पोहोचतो. वाल्डेमार हाफकिन हे ओडेसात त्यांचे विद्यार्थी होते आणि पुढे तेही पॅरिसला पाश्चर संस्थेत दाखल झाले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था १९२५ पासून त्यांच्या नावाने ओळखली जाते. प्लेगला मराठीत ग्रंथिक सन्निपात असेही म्हटले गेले, ते जांघेत, काखेत आणि मानेत येणाऱ्या गाठींवरून. या गाठी म्हणजे सुजलेल्या लसीकाग्रंथीच होत. पिसवाच्या दंशातून शिरलेले जंतू लसीकावाहिन्यांमधून जवळच्या ग्रंथीत पोहोचतात आणि खरी चकमक तिथे झडते.

लसीकासंस्थेचे कार्य आज जितके स्पष्ट आहे, तितके मेचनिकॉव्ह यांच्या काळात नव्हते. केशवाहिन्यांमधून पाझरलेल्या द्रवापैकी जो परत रक्तात जात नाही, तो लसीकावाहिन्या गोळा करतात. प्रौढ माणसात दिवसाकाठी काही लिटर द्रव अशा रीतीने छातीतील मोठ्या वाहिनीवाटे मानेच्या तळाशी असलेल्या शिरांत परत जातो. या संस्थेला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांच्या भिंतींचे आकुंचन, स्नायूंची हालचाल, श्वासोच्छ्वास आणि एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा यांच्या बळावर लसीका पुढे सरकते. वाटेत ठिकठिकाणी, सर्व मिळून शेकड्यांनी, लसीकाग्रंथी असतात आणि त्यांतून लसीका गाळली जाते. या ग्रंथींत, प्लीहेत आणि यकृतात ठाण मांडून बसलेल्या मोठ्या भक्षकपेशींना मॅक्रोफेज हे नाव मेचनिकॉव्ह यांनीच दिले. याच ग्रंथींत वावरणाऱ्या लिंफोसाइट पेशींचे खरे काम मात्र त्यांना उमगले नव्हते. ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडले.

पेशी की रक्तरस, या वादाचा निकाल कोणा एकाच्या बाजूने लागला नाही. लंडनमध्ये अल्मरॉथ राइट आणि स्ट्युअर्ट डग्लस यांनी १९०३ मध्ये असे दाखवले, की रक्तरसातील काही द्रव्ये जंतूंवर चिकटतात आणि त्यामुळे भक्षकपेशींना ते जंतू गिळणे सोपे जाते. दोन्ही पक्ष एकाच यंत्रणेची दोन अंगे पाहत होते. १९०८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि रक्तरसपक्षाचे अग्रणी पॉल एर्लिश यांना विभागून देण्यात आले, ते याच समेटाचे द्योतक होय.

पुढील अर्धशतक तरीही प्रतिपिंडांचेच होते आणि भक्षकपेशी काहीशा मागे पडल्या. त्यांना पुन्हा मध्यवर्ती स्थान मिळाले, ते राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये वर्णन केलेल्या डेंड्रिटिक पेशींमुळे. त्वचेत किंवा आतड्यात पहारा देणारी ही पेशी जंतूला गिळते, त्याचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते आणि लसीकावाहिनीतून जवळच्या ग्रंथीत जाऊन ते टी पेशींना दाखवते. तो तुकडा ओळखणारी नेमकी टी पेशी सापडली, की तिची संख्या झपाट्याने वाढते. बी पेशी तिच्या मदतीने प्रतिपिंडे तयार करू लागतात. घसा दुखू लागला की जबड्याखाली गाठ हाताला लागते, ती या धामधुमीमुळे. संसर्ग ओसरल्यावर काही पेशी त्या जंतूची आठवण ठेवून मागे राहतात. लसीकरणाचा सारा व्यवहार या आठवणीवर चालतो. जंतूची चाहूल पहिल्या पहारेकऱ्यांना कशी लागते, याचा उलगडा करणारे ज्यूल हॉफमन आणि ब्रूस ब्युटलर यांना स्टाइनमन यांच्यासमवेत २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हॉफमन यांचे काम फळमाशीवर झाले होते. क्षुद्र जीवांत माणसाच्या शरीराचे रहस्य शोधण्याची मेचनिकॉव्ह यांची रीत त्यात पुन्हा फळाला आली.

विज्ञानाच्या या प्रगतीने एक विलक्षण सत्यही पुढे आणले. ल्युडमिला यांचा बळी घेणाऱ्या क्षयाचा जंतू कॉख यांनी १८८२ मध्ये, म्हणजे मेसिनातील प्रयोगाच्याच वर्षी, शोधून काढला होता. हा जंतू मॅक्रोफेजकडून गिळला जातो, पण पुष्कळदा पचत नाही. तो त्या पेशीतच मुक्काम ठोकतो आणि वर्षानुवर्षे दबा धरून राहतो. पहारेकऱ्याचेच घर काही शत्रूंचे लपण्याचे ठिकाण असते, म्हणजे मेचनिकॉव्ह यांच्या विरोधकांचे म्हणणेही अगदीच निराधार नव्हते. क्षयाने मेचनिकॉव्ह यांची पाठ अखेरपर्यंत सोडली नाही. १९११ मध्ये वयाच्या ६६ व्या वर्षी ते व्होल्गाकाठच्या काल्मिक गवताळ प्रदेशात गेले आणि या रोगाशी ज्यांचा पूर्वी संबंध आला नाही, अशा लोकांत तो कसा पसरतो, याचा त्यांनी अभ्यास केला.

तारुण्यात दोनदा मरणाला कवटाळू पाहणारे मेचनिकॉव्ह उतारवयात दीर्घायुष्याचे कट्टर पुरस्कर्ते बनले. वार्धक्याच्या शास्त्राला जेरोंटॉलॉजी हे नाव त्यांनी १९०३ मध्ये दिले. मोठ्या आतड्यातील सडवणाऱ्या जंतूंची विषे शरीर झिजवतात, असे त्यांचे मत होते. त्यावर उपाय म्हणून आंबवलेल्या दुधातील जंतूंची त्यांनी शिफारस केली आणि बल्गेरियातील दह्याचे उदाहरण दिले. ते स्वतः नित्यनेमाने आंबवलेले दूध घेत. युरोपात दह्याचा एकच बोलबाला झाला. ज्या प्रदेशांत दही-ताक रोजच्या जेवणात पिढ्यान्‌पिढ्या होते, तिथे याचे नवल वाटण्याचे कारण नव्हते. त्यांचा सिद्धांत जसाच्या तसा टिकला नाही. दह्याने आयुष्य वाढते, हे सिद्ध झालेले नाही आणि तो बल्गेरियन जंतू मानवी आतड्यात कायमचा वस्तीलाही राहत नाही. परंतु आतड्यातील जंतू आणि आतड्याच्या भिंतीतील विपुल लसीका-ऊती यांचा घनिष्ठ संबंध आहे, ही दिशा मात्र खरी ठरली आणि त्यावरील संशोधन आज जगभर सुरू आहे.

पहिल्या महायुद्धाने त्यांच्या प्रयोगशाळेतील गजबज संपवली. तरुण सहकारी आघाडीवर गेले. माणसांनी एकमेकांचा असा संहार करावा, याचा विज्ञानावर अपार श्रद्धा असलेल्या मेचनिकॉव्ह यांना जबर धक्का बसला. १९१५ च्या अखेरीस हृदयविकार बळावला. आजारातही ते स्वतःच्या लक्षणांची नोंद ठेवत होते आणि मृत्यूनंतर आपल्या देहाची तपासणी व्हावी, अशी इच्छा त्यांनी सहकाऱ्यांजवळ व्यक्त केली होती. जुलै १९१६ मध्ये वयाच्या ७१ व्या वर्षी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा रक्षाकलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात जतन करण्यात आला आहे.

मेचनिकॉव्ह यांच्या अनेक कल्पना चुकीच्या ठरल्या, काही अर्धवट राहिल्या. मात्र शरीर रोगापुढे हात जोडून उभे राहत नाही, ते स्वतःहून प्रतिकार करते आणि हा प्रतिकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. ज्या रोगाने त्यांचे पहिले घर उद्ध्वस्त केले, त्यावर त्यांच्या हयातीत औषध सापडले नाही. ते मिळायला १९४० च्या दशकाची वाट पाहावी लागली. क्षयाचा जंतू भक्षकपेशीच्या तावडीतून कसा सुटतो, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर शोधण्याचे काम अजूनही चालू आहे. ते करणारे संशोधक मेचनिकॉव्ह यांनी दाखवलेल्या वाटेनेच पुढे जात आहेत.